वजन काढणारा माणूस

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये १९४८ साली इंजिनिअरिंगच्या एका पोराचा शेवटच्या वर्षाला गणिताचा पेपर राहिला. आपल्या भाषेत केटी लागली. पुढच्या वर्षी पेपर काढून त्याने डिग्री घेतली आणि नंतरची तीसेक वर्षं रेसच्या गाड्या अशा बनवल्या की बाकीचे त्याच्या मागे धावत राहिले. त्याचं नाव अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन, लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीचा संस्थापक. हे वाचून होस्टेलवर काही खोल्यांत जो आनंद पसरला असेल, तो मला इथून दिसतोय. पण मित्रांनो, आनंद जरा आवरा. पुढे जे आहे ते वाचून मी स्वतः दोन दिवस गप्प होतो.

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मशीन डिझाइनच्या वहीत 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले असतील. दोन घ्या, तीन घ्या, उत्तर जुळलं की पुढचं गणित. चॅपमनचं आयुष्य वाचताना मात्र हे शब्द पहिल्यांदा माणसांच्या नावांसकट समोर आले. म्हणून हा लेख.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, इंग्लंडमधल्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग घेतलं, युनिव्हर्सिटीच्या एअर स्क्वाड्रनमध्ये विमान उडवायला शिकला, आणि फावल्या वेळात एका मित्राबरोबर जुन्या गाड्या घ्यायचा-विकायचा धंदा सुरू केला. अभ्यास कधी करायचा, हे विचारू नका. १९४७ च्या शेवटी ब्रिटनमध्ये खासगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटा बंद झाला, जुन्या गाड्यांचे भाव कोसळले आणि धंदा बसला. उरली एकच खटारा ऑस्टिन सेव्हन. ती कोणी घेईना. मग पठ्ठ्याने मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या गॅरेजात ती गाडी उघडली, जुनी बॉडी काढून टाकली आणि चढ-चिखलाच्या शर्यतींसाठी नवी हलकी बॉडी चढवली. हीच पहिली लोटस.

१९५२ च्या जानेवारीत लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली ती हेझलने दिलेल्या २५ पौंडांवर. १९५४ साली दोघांचं लग्न झालं. चॅपमनने काही काळ ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत नोकरी केली. दिवसा नोकरी आणि रात्री वडिलांच्या हॉटेलच्या आवारात गाड्या, असा दिनक्रम. गाड्या सुट्या भागांत विकायच्या आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायच्या, म्हणजे त्यावरचा विक्रीकर वाचायचा. डोकं कसं चालायचं बघा.

त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते. वजन कमी केलं तर ती सगळीकडे पळते: पिकअपला, वळणावर, ब्रेकला. बाकीचे मोठं इंजिन शोधत होते तेव्हा हा गाडीतून काय काढता येईल ते शोधत होता. आणि काढायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे एका भागाकडून दोन कामं करून घेणं. दोन कामांना दोन भाग लागत असतील तर एक भाग फुकटचं वजन, असा साधा हिशोब.

हा हिशोब सस्पेन्शनमध्ये कसा उतरला ते नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मागच्या चाकाला दोन गोष्टी लागतात. इंजिनची ताकद चाकापर्यंत न्यायला ड्राइव्ह शाफ्ट लागतो. आणि चाक आडवं सरकू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी एक आडवी लिंक लागते. १९५७ च्या लोटस १२ या रेसिंग कारमध्ये आणि त्याच वर्षी लंडनच्या मोटर शोमध्ये दाखवलेल्या लोटस इलीट या स्पोर्ट्स कारमध्ये चॅपमनने वेगळी लिंक ठेवलीच नाही. उभा स्ट्रट, त्यावर स्प्रिंग आणि शॉकअप, पुढे चॅसीकडे जाणारा एक दांडा, आणि आडवी लिंक म्हणून खुद्द ड्राइव्ह शाफ्ट. याला आजही 'चॅपमन स्ट्रट' म्हणतात. इलीटची तर बॉडीच फायबरग्लासची आणि तीच चॅसी. कागदावर बघितलं तर शिट्टी वाजवावीशी वाटते.

आता दुसरी बाजू. एक भाग दोन कामं करत असेल आणि तो तुटला, तर दोन्ही कामं एकदम थांबतात. शाफ्ट किंवा हब गेला की चाकाला ताकदही नाही आणि धरणारंही कोणी नाही.

१९६० साली हे जगाने बघितलं. लोटस १८ ही चॅपमनची इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली पहिली गाडी. तिच्या मागच्या सस्पेन्शनमध्येही ड्राइव्ह शाफ्ट हीच वरची लिंक होती. मे महिन्यात स्टर्लिंग मॉसने मोनॅकोची ग्रां प्री याच गाडीवर जिंकली. लोटसचा हा पहिला ग्रां प्री विजय. तीन आठवड्यांनी बेल्जियममध्ये स्पाच्या ट्रॅकवर सराव चालू असताना ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगात मॉसच्या गाडीचं मागचं डावं चाक निखळून गेलं. हबचा शाफ्ट तुटला होता. मॉसच्या हाताशी आता फक्त ब्रेक आणि स्टिअरिंग. वेग जितका खाता येईल तितका खायचा, एवढंच उरलं होतं. गाडी गरगरली, बांधावर आदळली आणि तो बाहेर फेकला गेला. त्या काळी रेसमध्ये सीटबेल्ट लावत नसत. दोन्ही पाय मोडले, मणक्याला इजा झाली, नाक मोडलं. त्याच सरावात मायकेल टेलर या ड्रायव्हरच्या लोटसचा स्टिअरिंग कॉलम वेल्डिंगपाशी तुटला आणि त्याचं रेसिंग तिथेच संपलं. त्याने पुढे लोटसवर दावा लावला आणि जिंकला. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष रेसमध्ये आणखी दोन तरुण ड्रायव्हर गेले, त्यांतला अॅलन स्टेसी लोटस चालवत होता. त्याच्या तोंडावर पक्षी आदळला असं मानतात, म्हणजे तो दोष गाडीचा नव्हे.

मॉस दोन महिन्यांच्या आत पुन्हा रेसमध्ये उतरला, तोही लोटसवरच, आणि जिंकला. ही माणसं कोणत्या मातीची होती कोण जाणे. रेसवाल्यांत तेव्हा एक विनोद फिरायचा: आपलंच चाक आपल्याला ओव्हरटेक करून पुढे गेलं की समजावं, आपण लोटस चालवतोय. हसू येतं, पण पहिल्यांदाच.

चॅपमन शिकला नाही असं नाही. १९६२ च्या लोटस २५ मध्ये शाफ्टकडे फक्त ताकद पोचवायचं काम राहिलं, चाक धरायला वर वेगळी लिंक आली. वजन वाढलं ते त्याने दुसरीकडून वसूल केलं. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची पेटीसारखी चॅसी केली, फॉर्म्युला वनमधली पहिली यशस्वी मोनोकॉक. हलकी तर होतीच, शिवाय पिळाला कितीतरी जास्त ताठ. चॅसी ताठ असली की सस्पेन्शनला आपलं काम नीट करता येतं, हे आपल्याला व्हायवात विचारतात ते इथून आलं. स्कॉटलंडचा शेतकरी जिम क्लार्क या गाडीवर १९६३ साली विश्वविजेता झाला. १९६५ साली तो पुन्हा विजेता झाला, शिवाय अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० सुद्धा त्याने लोटसवर जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर इंजिनच चॅसीचा भाग झालं, मागचं सस्पेन्शन त्यालाच टांगलेलं. पहिल्याच रेसमध्ये, हॉलंडच्या झांडफोर्टला, क्लार्क जिंकला. जिंकल्यावर चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकवायचा, तो फोटो तुम्ही कुठेतरी बघितला असेल.

७ एप्रिल १९६८ ला जर्मनीत हॉकेनहाइमला क्लार्क गेला. मागचा टायर बसला असावा असं मानतात. चॅपमन आणि क्लार्क यांचं नातं मालक-ड्रायव्हरच्या पलीकडचं होतं. चॅपमन पार मोडून पडला. त्यानंतर तो ड्रायव्हर लोकांच्या फार जवळ जात नसे, असं त्याला ओळखणारे सांगत. पण गाड्या हलक्या करणं थांबलं नाही.

१९६८ साली गाड्यांवर उंच पंख आले. हवेने गाडी खाली दाबायची म्हणजे टायरची पकड वाढते. चॅपमनने हे पंख बारीक काठ्यांवर उभे करून थेट सस्पेन्शनच्या अपराइटवर बसवले, म्हणजे दाब स्प्रिंगमधून न जाता सरळ टायरवर. कल्पना भन्नाट. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या माँटजुइक रस्त्यावर ग्रॅहम हिलच्या लोटसचा पंख एका उंचवट्यावर कोसळला आणि गाडी कठड्यावर गेली. हिल धडधाकट बाहेर आला, मोडलेली गाडी बघून कारण त्याच्या लक्षात आलं आणि दुसऱ्या लोटसमधल्या योखेन रिंटला थांबवा असा निरोप त्याने पिटमध्ये धाडला. निरोप पोचून उपयोग व्हायच्या आत रिंटचा पंख त्याच ठिकाणी, त्याच कारणाने कोसळला. रिंट जखमी झाला. बरा होताना त्याने चॅपमनला पत्र लिहिलं. मतलब असा, की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की नाजूक भाग मजबूत करायला थोडे किलो वाढवले तरी आपणच पुढे राहू. तेवढं करा, माझा गाडीवर विश्वास असला तरच मी ती चालवू शकेन.

हे पत्र मी वाचलं तेव्हा वाटलं, याहून चांगला डिझाइन रिव्ह्यू कोणी लिहिला नसेल. आकडेमोड नाही, सूत्र नाही. आत बसणारा माणूस बाहेर उभ्या माणसाकडे दोन-चार किलो लोखंड मागतोय.

पुढच्या वर्षी लोटस ७२ आली. पाचरीसारखं नाक, टॉर्शन बारचं सस्पेन्शन आणि पुढचे ब्रेक चाकात न ठेवता आत चॅसीवर. चाकावरचं न तोललेलं वजन कमी झालं की चाक खड्ड्यावरून पटकन सावरतं, हे आपण शिकतोच. पण ब्रेक आत गेले म्हणजे ब्रेकची सगळी ताकद चाकापर्यंत न्यायला एक जादा शाफ्ट आला, आणि तो पोकळ होता. रिंटने त्या मोसमात लागोपाठ रेस जिंकल्या. ५ सप्टेंबर १९७० ला इटलीत माँझाच्या सरावात ब्रेक मारताना पुढचा उजवा ब्रेक शाफ्ट तुटला, गाडी डावीकडे ओढली जाऊन कठड्यावर गेली. कठडा नीट बसवलेला नव्हता, हेही चौकशीत निघालं. रिंट वाचला नाही. त्याचे गुण तोवर इतके झाले होते की मोसम संपल्यावर कोणी पुढे गेलं नाही. मृत्यूनंतर विश्वविजेता ठरलेला तो एकटाच.

इथे तुम्ही म्हणाल, हे सगळं रेसचं झालं, रस्त्यावरच्या गाडीचं काय? तर रस्त्यावरच्या जुन्या लोटसलाही हीच शिकवण लागू आहे. १९६२ ची लोटस इलान घ्या. पातळ पोलादी पत्र्याची, पाठीच्या कण्यासारखी चॅसी आणि वर फायबरग्लासची बॉडी. मागे चॅपमन स्ट्रट, पण शाफ्टमध्ये रबराचे कपलिंग असल्यामुळे खाली वेगळा विशबोन दिलेला. पुढचे अपराइट मात्र चॅपमनने स्वतः न बनवता ट्रायम्फ हेराल्डच्या घराण्यातले उचलले, स्वस्त आणि तयार. हेराल्ड म्हणजे आपल्याकडे मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनायची तीच. आजोबांना विचारा, आठवत असेल. या अपराइटच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतात. त्यात ग्रीस नको, गिअरचं जाड तेल लागतं, तेही वरचेवर. तेल दिलं नाही की आत पाणी शिरतं, आटे गंजतात, झिजतात, आणि एक दिवस अपराइट तिथेच तुटून चाक आडवं पडतं. बहुतेक वेळा गाडी हळू असते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतं. नशीब चांगलं असेल तर पार्किंगमध्ये. नसेल तर हायवेवर.

असं झालंच तर काय करायचं? खाडकन आवाज आला, गाडी एका बाजूला ओढली, की स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. ब्रेकवर उभं राहायचं नाही, कारण तुटलेल्या कोपऱ्याकडे गाडी आणखी ओढली जाते, ब्रेकचा पाइपही तुटलेला असू शकतो. अॅक्सिलरेटर सोडायचा, वेग आपोआप पडू द्यायचा आणि हळूहळू कडेला. मग 'गॅरेज जवळच आहे' म्हणून ती चालवायची नाही आणि टोचन करून ओढायचीही नाही. ट्रकवर चढवून न्यायची. जॅक लावताना तुटलेल्या भागाला नाही, चॅसीला, आणि खाली स्टँड लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही.

यापुढचं काम आपल्या लोकांचं. तुटलेला भाग भंगारात टाकायच्या आधी त्याचं तोंड बघायचं. काळपट, गुळगुळीत, समुद्राच्या ओल्या वाळूवर लाटांच्या रेघा उमटतात तशा रेघा दिसल्या तर तडा जुना आहे, फटिगचा आहे, महिनोन् महिने वाढत होता. खडबडीत, चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. जुना भाग जितका मोठा तितके दिवस आपल्याला बघायची संधी होती. एका बाजूचा गेला तर दुसऱ्या बाजूचाही बदलायचा, त्याचंही वय तेवढंच. बाकी भागांवर डाय पेनिट्रंट मारून तडे शोधायचे. नवे रबर बुश घातले तर बोल्ट शेवटचे आवळायचे गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि चॅसी बघायची. इलानच्या चॅसीचा पुढचा आडवा भाग हेडलाइट वर उचलणाऱ्या व्हॅक्यूमची टाकी म्हणूनही वापरला होता. पुन्हा एका भागाला दोन कामं! सुरुवातीच्या इलानचे हेडलाइट आपोआप खाली बसायला लागले तर ती वायरिंगची भानगड आहे असं समजून सोडू नये. ज्या पत्र्यावर पुढचं सस्पेन्शन उभं आहे तो पत्रा गंजून भोकं पडली असण्याची शक्यता असते. म्हणजे एवढ्यापुरता चॅपमनचा हिशोब फायद्याचाही ठरला. तुटायच्या आधी गाडी डोळे मिटून सांगते.

चॅपमनची गोष्ट रिंटबरोबर संपली नाही. १९७२ साली एमर्सन फिटिपाल्डी लोटस ७२ वरच विजेता झाला. मग गाडीच्या पोटाखालून हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवायची कल्पना त्याच्या चमूने यशस्वी केली आणि १९७८ साली मारिओ आंद्रेती लोटस ७९ वर विजेता ठरला. त्याच वर्षी माँझाच्या अपघातानंतर रॉनी पीटरसन गेला. चॅपमनच्या हयातीत लोटसने ड्रायव्हरांची ६ आणि कंपन्यांची ७ विश्वविजेतेपदं मिळवली. शेवटच्या वर्षांत डीलोरियन मोटर कंपनीच्या पैशांच्या घोटाळ्यात त्याचं नाव आलं. १९९२ साली त्याच्या कंपनीचा जुना हिशोबनीस फ्रेड बुशेल याला तुरुंगवास झाला आणि चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असं न्यायाधीशांनी सांगितलं. मोठ्या माणसाच्या चरित्रातून हा भाग गाळायची आपल्याकडे सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१६ डिसेंबर १९८२ ला हृदयविकाराने चॅपमन गेला. वय ५४. त्याच दिवशी स्नेटरटनच्या ट्रॅकवर लोटसची एक नवी फॉर्म्युला वन गाडी पहिल्यांदा चाचणीला निघाली होती. तिच्यात अॅक्टिव्ह सस्पेन्शन होतं. साध्या स्प्रिंगच्या जागी हायड्रॉलिक जॅक, पंप, व्हॉल्व्ह आणि चाकाचं काय चाललंय ते दर क्षणाला मोजणारा संगणक. १९८७ साली आयर्टन सेनाने अशा सस्पेन्शनच्या लोटसवर मोनॅको जिंकलं. पण ती पहिली यंत्रणा चांगलीच जड होती. आयुष्यभर ग्रॅम ग्रॅम काढणाऱ्या माणसाने शेवटी सस्पेन्शनसाठी वजन वाढवायला मान्यता दिली होती.

मला चॅपमन आवडतो, हे कबूल करतो. त्याच्या ड्रॉइंगसमोर आपली ड्रॉइंग बघितली की लाज वाटते. तरीही माझा कौल रिंटच्या पत्राच्या बाजूने आहे. पोकळ शाफ्ट भरीव केला तर किती ग्रॅम वाढतील हे चॅपमनला आपल्यापेक्षा चांगलं काढता येत होतं. पण त्या शाफ्टवर स्वतः बसणारा तो नव्हता. जो बसतो त्यालाच तडा दिसत नाही, आणि म्हणून तो बघायची जबाबदारी आपल्यावर येते, ड्रॉइंग बोर्डवर बसणाऱ्यांवर आणि हातात पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्यांवर. आपल्या कॉलेजच्या टीमची गाडी यंदा स्पर्धेला जाईल तेव्हा तिच्या तक्त्यात वजनाचा एक रकाना असेल. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घाला, एवढीच विनंती: हा भाग तुटला तर आत बसलेल्याच्या हातात काय उरतं?